गाय, बटाटा आणि ओलं जळण : मेयोतल्या एका घराने अमेरिकेतल्या मुलाला कळवलेल्या बातम्या

आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो काउंटीत किलकेली नावाचं छोटं गाव आहे. त्या गावाजवळच्या एका शेतकऱ्याचा मुलगा १८५०च्या दशकात अमेरिकेला गेला. मागे आईवडील आणि भावंडं राहिली. पुढे तीसेक वर्षं, थेट १८९२ पर्यंत, त्या घरातून त्याला पत्रं जात राहिली. आईवडील सांगत आणि गावच्या शाळेचे मास्तर कागदावर उतरवत. खूप वर्षांनी तो गठ्ठा अमेरिकेतल्या वंशजांच्या घरी माळ्यावर सापडला. घराण्याचं नाव मी इथे घेत नाही. मेयोत त्या काळी दर दुसऱ्या घराची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच होती, आणि एक घर नीट समजलं की बाकीची आपोआप समजू लागतात.

अशा पत्रांबद्दल लिहिताना बहुतेक जण विरहाबद्दल लिहितात. आईने वाट बघणं, एकदा येऊन जा म्हणणं, न पाहिलेल्या नातवंडांना आशीर्वाद पाठवणं. ते सगळं त्यात आहेच. पण मला या पत्रव्यवहारात सर्वांत खोल गेलेली वाटते ती शेताची बातमी. बटाटे किती नासले, जळण वाळलं की नाही, गाय व्याली का, कोणाची जमीन सुटली. वाचणाऱ्याचा डोळा या ओळींवरून घाईने पुढे सरकतो आणि भावनेच्या ओळीवर थांबतो. तिथेच पत्र हातातून निसटतं. मायेचा मजकूर वेगळा आणि शेताचा वेगळा, अशी फोड त्या घरात कोणी केलेलीच नव्हती. बटाट्याची ओळ हीच मायेची ओळ होती आणि हिशेबाचीही तीच होती.

माझी आजी सिंधुदुर्गातून परळला पत्र धाडायची, तेही दुसऱ्याच्या हातून, पोस्टमनला ओट्यावर बसवून. "पत्रास कारण की" झालं, सगळ्यांची खुशाली झाली, की ती म्हणायची, "लिही, तांबडी व्याली, पाडी झाली." गिरणीतल्या आजोबांना त्या चार शब्दांत कळायचं की दोन-तीन वर्षांनी घरात आणखी एक दुभती गाय असेल आणि तोवर वासरू विकायचं नाही. आजी "मला तुमची आठवण येते" असं कधी लिहायला सांगत नसे. मेयोच्या पत्रांकडे मी वळले ती या ओट्यावरून.

घर आणि त्याचं गणित

बटाट्याच्या करप्याने आयर्लंडात जो महादुष्काळ पडला त्याच्या आधी, १८४१ साली, मेयोची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८९ हजार होती. १८५१ला ती पावणेतीन लाखांवर आली. आपल्या प्रकरणातला मुलगा यानंतर चार-पाच वर्षांनी निघाला. म्हणजे त्याने भुकेचा काळ डोळ्यांनी पाहिला होता. बटाट्याला करपा पडला म्हणजे काय होतं, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पत्र लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये ही आठवण न बोलता उभी होती.

पूर्व मेयोतलं सामान्य कूळ दहा-पंधरा एकरांत भागवायचं, पुष्कळदा त्याहूनही कमी जमिनीत. त्यातली बरीचशी पाणथळ. गादीवाफे घालून बटाटे, थोडे ओट, एखाददुसरी गाय, एक डुक्कर, कोंबड्या. डुकराला तिकडे "खंड भरणारा साहेब" म्हणत, कारण ते विकलं की जमीनदाराचा हप्ता सुटायचा. खंडाचे हप्ते वर्षाला दोन, मे आणि नोव्हेंबरमध्ये. त्या भागातल्या सर्वांत मोठ्या मिळकतींपैकी एक व्हायकाउंट डिलन यांची होती. मालक इंग्लंडात राहत, वसुली कारभारी करत.

शेतातून पोट भरायचं, खंड मात्र बहुधा शेतातून निघत नसे. त्यासाठी घरातले पुरुष जूनच्या सुमारास इंग्लंड-स्कॉटलंडला कापणीला जात आणि शरदात पैसे घेऊन परतत. त्या काळात घरचं शेत बायका, म्हातारी आणि मुलं सांभाळत. म्हणून "तुझे भाऊ इंग्लंडला गेलेत" ही पत्रातली ओळ नुसती हालहवाल नाही. खंडाची सोय लागते आहे, आणि सध्या घरात कुदळ धरणारं कोणी नाही, अशा दोन्ही गोष्टी ती सांगते.

महादुष्काळानंतर आणखी एक रीत घट्ट झाली. पूर्वी जमीन मुलांत वाटली जायची, आता ती अख्खी एकाच मुलाकडे जाऊ लागली. एका मुलीला हुंडा देऊन उजवायची. उरलेल्यांनी बोट पकडायची. तेव्हा अमेरिकेतला मुलगा घरातून वजा झालेला नव्हता. घर टिकावं म्हणूनच त्याला पाठवलं होतं. त्याला शेताची बातमी कळणं हा त्याचा हक्क होता, आणि आईवडील तो हक्क मानत होते. गावाहून निघण्याच्या आदल्या रात्री जी बैठक व्हायची तिला लोक "अमेरिकन वेक" म्हणत, आणि वेक म्हणजे मयताच्या घरची रात्रभराची बैठक. रडणं, गाणं, नाच, पहाटे निरोप. एवढं करून पाठवलेल्या मुलाला पुढच्या पत्रात गाईचं कळवलं जायचं. तो अजून घरातलाच आहे, हे सांगायचा याहून साधा मार्ग मला दिसत नाही.

पत्राला काय पडायचं

हा तपशील पुष्कळदा सुटतो, म्हणून थोडं थांबते. १८६७ अखेरपर्यंत ब्रिटन-आयर्लंडमधून अमेरिकेला अर्ध्या औंसाच्या पत्राला एक शिलिंग, म्हणजे बारा पेनी, टपालखर्च होता. मेयोतल्या शेतमजुराची ती जवळजवळ दिवसाची मजुरी. १८६८ला तो सहा पेनी झाला, १८७०ला तीन, आणि १८७५ला जागतिक टपाल करारानंतर अडीच पेनी. आठ वर्षांत एक शिलिंगाचं पत्र अडीच पेनीत जाऊ लागलं.

याचा परिणाम मजकुरावर झाल्याशिवाय कसा राहील? शिलिंग मोजून जे पत्र जायचं त्यात आवश्यक तेवढंच मावायचं. कागद पातळ, दोन्ही बाजूंनी भरलेला. सुरुवातीला ठरलेलं वाक्य, की देवाच्या कृपेने आम्ही सर्व खुशाल आहोत, तूही असावास. आपल्या "इकडील सर्व क्षेम" सारखंच. मग मेलेल्यांची नावं, लग्नं, बाळंतपणं. मग शेत. त्या महागड्या कागदावर शेताला जागा मिळत होती, यावरूनच त्या ओळींचं वजन समजावं.

१८७९

आता या प्रकरणाचा गाभा. १८७९चं वर्ष असं होतं की त्या साली मेयोतून गेलेल्या कुठल्याही पत्रात शेताची बातमी टाळणं शक्य नव्हतं.

वसंत थंड गेला, उन्हाळा पावसात गेला. बटाट्यावर करपा पसरला. आयर्लंडच्या बटाटा पिकाची किंमत १८७६ साली सुमारे १२४ लाख पौंड धरली होती, ती १८७९ला ३३ लाखांच्या आसपास आली. एकरी उतारा सव्वा टनाच्या थोडा वर, १.३ टन. हा आकडा एका घरात नेऊन बघू. मी साधं गणित मांडते. घरात सहा माणसं, लहानमोठी धरून माणशी दिवसाला दोन किलो बटाटे. (महादुष्काळापूर्वी राबणारा एक पुरुष दिवसाला पाच-सहा किलो खायचा, त्यामानाने हे कमीच.) रोजचे बारा किलो झाले. एक एकर बटाटा आणि उतारा साडेतीन टन, तर ऑक्टोबरात काढलेलं पीक साधारण जुलैपर्यंत जातं. नवं पीक यायच्या आधीचे ते रिकामे आठवडे तिथे सगळ्यांना ठाऊक होते. आयरिश भाषेत त्यांना "कोबीचा जुलै" म्हणत, कारण तेव्हा पाल्यावरच भागवावं लागे. आता उतारा १.३ टन धरा. एकशे दहा दिवस. जानेवारी संपताना साठा रिकामा.

आणि हे बेणं न ठेवता. एकराला बेणं टनाच्या आसपास लागतं. म्हणजे त्या वर्षी निघालेलं पीक बहुतेक सगळं बेण्याला लागणारं होतं. खाल्लं तर पेरायला नाही, राखलं तर खायला नाही. १८८०ला सरकारला बेणं पुरवण्याचा कायदा करावा लागला तो यामुळेच, आणि त्यातून स्कॉटलंडचा "चॅम्पियन" बटाटा पश्चिमेत पसरला. त्याने पुढची काही वर्षं करप्याला बऱ्यापैकी तोंड दिलं.

जळणाची बातमीही याच पावसातली. मेयोत तेव्हा जळायला लाकूड नव्हतं. दलदलीतली काळी माती विटांसारखी कापून, उन्हावाऱ्यात रचून वाळवत आणि तेच टर्फ वर्षभर चुलीत जाई. उन्हाळाभर पाऊस लागला की टर्फ वाळत नाही. हाताला लागतं ते लोण्यासारखं मऊ, उचलताना बोटांत तुटतं, चुलीत घातलं की धुरकटतं आणि पेटत नाही. त्या घरात बटाटे उकडायचे, डुकराचं शिजवायचं, म्हाताऱ्या माणसांना शेक द्यायचा, सगळं त्या एका आगीवर. "जळण ओलं आहे" या तीन शब्दांत आईवडिलांचा अख्खा हिवाळा आहे. अमेरिकेत कोळशाच्या शेगडीपाशी बसलेल्या मुलाला ते वाचून थंडी वाजली असेल, असं मला मनापासून वाटतं.

त्यातच इंग्लंडची शेतीही त्याच पावसात बुडालेली. कापणीची मजुरी घटली. म्हणजे घराचे दोन्ही पाय एकाच वेळी ढासळले, पोटाचा बटाटा आणि खंडाची मजुरी. तिसरा आधार दुकानदाराच्या वहीचा. मक्याचं पीठ उधारीवर मिळायचं आणि मागच्या बऱ्या वर्षांत ही खाती फुगली होती. १८७९ला दुकानदारांनी आणि बँकांनी हात आखडते घेतले.

मग उरलं कोण? अमेरिकेतला मुलगा.

न मागता मागणं

इथे पत्र लिहिणाऱ्याची खरी कसोटी होती, कारण पत्र खाजगी नव्हतं. ते मास्तरांना सांगायचं. तिकडे पोचल्यावर मुलगा ते आपल्या बायकोला, शेजाऱ्यांना, गावच्या इतर पोरांना वाचून दाखवायचा. अमेरिकेहून उत्तर आलं की इकडेही शेजारी जमत आणि मोठ्याने वाचन होई. पैशाची किंवा भांडणाची गोष्ट असेल तर ती वेगळ्या चिठोऱ्यावर लिहून आत घालायची, म्हणजे वाचनाच्या वेळी ती बाजूला काढता यायची.

चारचौघांत वाचल्या जाणाऱ्या कागदावर बापाने मुलाकडे हात कसा पसरावा? त्याने शेताचा आधार घेतला. बटाट्याचा इतका भाग नासला, जळण ओलं आहे, नोव्हेंबरचा हप्ता अजून राहिला आहे. एवढं सांगून थांबायचं. पैसे पाठव असं लिहायची गरज पडत नसे. कुळाचा पोरगा पुढचं गणित स्वतः मांडायचा, मी वर मांडलं तसंच, पण माझ्यापेक्षा कितीतरी लवकर. बापाचा मान राहिला आणि मुलाला स्वतःहून पाठवल्याचं समाधान मिळालं. मला हे फार मोलाचं वाटतं. गरिबीत एकमेकांची अब्रू सांभाळणं ज्यांना जमलं, त्यांच्या पत्रांत शेत का येतं याचं उत्तर इथे आहे.

आणि पैसे येत. १८४८ ते १८६४ या काळात उत्तर अमेरिकेतून असे सुमारे १३० लाख पौंड आल्याची नोंद स्थलांतर आयुक्तांनी केली आहे, आणि ती फक्त त्यांना सापडलेल्या रकमेची. बँकेचा ड्राफ्ट, पुढे १८७१ नंतर मनिऑर्डर. नाताळच्या आधी टपालाची वाट गावोगाव बघितली जायची. त्या पैशातून खंड, उधारी, आणि पुष्कळदा पुढच्या भावाचं किंवा बहिणीचं तिकीट. म्हणजे घर वाचवणारा पैसाच घरातलं आणखी एक माणूस घेऊन जायचा. आईवडिलांना हे दिसत होतं. तरी त्यांनी तिकिटं घेतली.

त्याच वर्षी त्या भागात आणखी काय काय घडत होतं! २० एप्रिलला आयरिशटाउनला खंडाविरुद्ध मोठी सभा झाली. २१ ऑगस्टच्या संध्याकाळी, पाऊस कोसळत असताना, किलकेलीपासून जवळच्याच नॉक गावी देवळाच्या भिंतीशी पंधरा माणसांना मदर मेरीचं दर्शन झालं. ऑगस्टमध्येच मेयोतल्या कॅसलबारला मायकेल डेव्हिट यांच्या पुढाकाराने मेयोची लँड लीग ही कुळांची संघटना उभी राहिली, आणि २१ ऑक्टोबरला डब्लिनला देशव्यापी लँड लीग स्थापन झाली. डेव्हिट मूळचे मेयोतल्याच स्ट्रेडचे, लहानपणी घरादारातून बेदखल झालेले. १८८०ला आयर्लंडभर दोन हजारांवर कुटुंबं बेदखल झाली. आज आपण या तारखा इतिहास म्हणून वाचतो. त्या घरात मात्र पाऊस, खंड आणि देऊळ या तिन्ही गोष्टी एकाच उन्हाळ्यातल्या होत्या, आणि बटाट्याच्या एका ओळीत त्या तिन्हींचं ओझं येतं.

मास्तर

एका माणसाबद्दल फार कमी बोललं जातं, लिहून देणाऱ्याबद्दल. १८४१च्या जनगणनेत आयर्लंडमधल्या पाच वर्षांवरच्या ५३ टक्के लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि मेयो याबाबतीत फार मागे होता. त्यात भाषेचा प्रश्न. पूर्व मेयोतल्या त्या पिढीची घरची बोली आयरिश. १८३१ पासूनच्या सरकारी राष्ट्रीय शाळांत शिकवणं इंग्रजीत. लिहिणं म्हणजे इंग्रजी लिहिणं. ज्या घरात म्हातारी माणसं आयरिश बोलत तिथल्या आईने "अ विक", म्हणजे "अरे लेका", म्हणून सुरुवात केली, तरी कागदावर "माझ्या प्रिय मुलास" असं शाळेतलं इंग्रजी उतरायचं.

आयरिश भाषेत देश सोडून गेलेल्याला जो शब्द रूढ होता, "द्योरी", त्याचा अर्थ हद्दपार झालेला. आपल्या इच्छेने गेला की जावं लागलं, हा भेद त्या शब्दात नाही. मास्तरांच्या इंग्रजीत हा शब्द उतरणार कसा? भावनेचे शब्द भाषांतरात गळत, औपचारिक होत, पुस्तकी होत. पण "गाय व्याली", "बटाटे नासले", "जळण ओलं आहे" ही वाक्यं कुठल्याही भाषेत गेली तरी तशीच राहतात. मास्तरांच्या हातून आईचा आवाज जिथे सर्वांत कमी बदलून पोचला, त्या जागा शेताच्या आहेत.

आणि त्या मास्तरांनी हे किती वर्षं केलं! दिवसभर पोरांना बाराखडी शिकवायची, संध्याकाळी म्हाताऱ्यांच्या मुलांना पत्रं लिहायची. गावातल्या प्रत्येक घराचं देणंघेणं, आजारपण, रुसवे त्यांना ठाऊक. त्यांच्याच शाळेतली इंग्रजी शिकून पोरं अमेरिकेला जात, आणि त्यांच्या आईबापांचा निरोपही त्यांच्याच लेखणीतून त्यांच्यामागे जाई.

जमीन

पुढच्या पत्रांचं मी भरभर सांगते. आधी आई गेली, मग वडील. मधल्या काळात १८८१च्या कायद्याने खंड ठरवण्यासाठी जमीन न्यायालयं आली. खंड उतरले, बेदखलीची टांगती तलवार थोडी वर गेली. १८८५ पासून कुळांना जमीन विकत घ्यायला सरकारी कर्ज मिळू लागलं. या काळातल्या घरगुती पत्रांत "अमक्याने जमीन काढली", "तमका परत येऊन जमीन घेणार म्हणतो" अशा बातम्या येऊ लागतात. ज्याच्या पैशाने खंड भरले गेले त्याला आता विचारलं जात होतं, की तू येतोस का, तुझ्यासाठी बघू का. परतणारे फार थोडे. आईवडिलांना ते कळत असणारच. तरी विचारायचे, कारण विचारणं थांबवलं की त्याचा वाटा संपला असा अर्थ झाला असता.

१८९२मध्ये वडील गेल्याचं कळवणारं पत्र भावाने लिहिलं. शेवटच्या त्या पत्रात बोलणारा आणि लिहिणारा एकच होता.

गठ्ठा तिथे संपतो. सात वर्षांनी, १८९९ला, डिलन यांची मेयो-रॉसकॉमनमधली अफाट मिळकत सरकारी मंडळाने विकत घेतली आणि तिथल्या कुळांच्या नावावर जमीन चढण्याची वाट मोकळी झाली. किलकेलीच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या मे आणि नोव्हेंबरच्या हप्त्यांची काळजी वाहिलेल्या घरांना एवढी मोठी शेताची बातमी त्याआधी कधी मिळाली नव्हती. ती अमेरिकेला कळवणारं पत्र त्या गठ्ठ्यात नाही.